मांजारोवर व्हीएमवेअर आणि ऐन संत्र्यात अडलेली पट्टी

तारवाला | २४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

मंडळी, मदत पाहिजे आणि घाईत पाहिजे.

कळमना बाजारात संत्र्याच्या एका अडत्याकडे मी वर्षभरापासून कॉम्प्युटरचं बघतो. पगारी नाही, बोलावलं की जायचं. केबल, प्रिंटर, कॅमेरे, जे रुसलं असेल ते. त्यांचा सगळा हिशेब एका डॉसच्या प्रोग्रामवर आहे. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेला. वीसेक वर्षांपूर्वी ज्या मुलाने लिहून दिला तो कधीचाच नागपूर सोडून गेला. गाडी उतरली, बोली झाली, की शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. त्यात भाव, वजन, वजा हमाली, वजा तोलाई, वजा गाडीभाडं आणि खाली उरलेली रक्कम. काटोल-नरखेडकडचा माणूस पट्टी खिशात घातल्याशिवाय परतीची गाडी धरत नाही.

आता रचना ऐका. प्रोग्राम चालतो विंडोज एक्सपीत. एक्सपी चालतं व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या, म्हणजे कॉम्प्युटरात दुसरा नकली कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात. आणि वर्कस्टेशन बसवलंय मांजारो लिनक्सवर. हे माझं कर्तृत्व नाही, आधीच सांगून ठेवतो. माझ्याआधी येणाऱ्या पोट्ट्याच्या लॅपटॉपवर मांजारो होतं, म्हणून त्यानं दुकानाच्या सर्व्हरवरही तेच टाकलं. वर दर रविवारी आपोआप अपडेट व्हायची सोयही करून गेला.

काल संध्याकाळी पाऊस आला, लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच मेली होती, शेठला दोनदा सांगून झालं होतं. लाइट आल्यावर मशीन सुरू झालं, लिनक्स उठलं, एक्सपी उठलं नाही. वर्कस्टेशन म्हणतं मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला जोडायचे तुकडे) पुन्हा कंपाइल करा. करायला गेलो तर व्हीएममॉन नावाच्या मॉड्यूलवरच अडकतं. लॉगमध्ये शेवटी एकच रड, की डेल_टायमर_सिंक नावाचं फंक्शन सापडत नाही. कर्नल ६.१६ दाखवतोय. कंपाइल करायला लागणारे कर्नलचे हेडर बसवलेले आहेत, जीसीसी कंपायलर आहे.

मुनीमजी कालपासून हाताने पट्ट्या लिहून राहिले. अंबिया बहार आत्ता कुठं सुरू झाला, रोज गाड्या वाढतील. शेठ दर तासाला फोन करून एवढंच विचारतात, "भाऊ, कवा होईन?"

---

खिडकीवाला | २५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

लिनक्स काढा, विंडोज ११ टाका, त्यावर वर्कस्टेशन टाका. नोव्हेंबर २०२४ पासून ते धंद्यासाठी वापरायलाही फुकट आहे. दोन तासांचं काम.

---

तारवाला | २५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

चौथ्या पिढीचा आय-५ आहे साहेब. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आणि ज्या डिस्कवर एक्सपीची फाइल आहे तीच पुसायची, तीही गाड्या लागलेल्या असताना? नको.

---

शंकासूर | २५ सप्टेंबर, सकाळी ७:३२

मूळ प्रश्न असा, की व्हीएमवेअरच्या समर्थित यादीत मांजारो नाही, ते ज्यावर बेतलंय ते आर्चही नाही. मग सर्व्हरवर ते का? आणि त्यावर आपोआप अपडेट का? विहिरीला कठडा नाही, वरून अंधारात फेऱ्या मारायच्या आणि पडल्यावर ओरडायचं.

---

गप्पिष्ट | २५ सप्टेंबर, सकाळी ७:४०

मांजर आडवं गेलं म्हणायचं.

---

विदर्भकन्या | २५ सप्टेंबर, सकाळी ८:१५

शंकासूर, बरोबर आहे, पण तो वाद संध्याकाळी. आधी पट्टी सुरू करू.

तारवाला, रोग सापडलेलाच आहे. कर्नलमध्ये टायमर बंद करण्याच्या फंक्शनचं नाव डेल_टायमर_सिंक होतं. त्याला टायमर_डिलीट_सिंक हे नवं नाव आधीच मिळालं होतं, जुनंही चालायचं. ६.१५ मध्ये जुनं नाव कायमचं काढून टाकलं. ६.१५ मे महिन्यात आला. व्हीएमवेअरचं मॉड्यूल अजून जुन्याच नावाने हाक मारतंय आणि त्या घरात त्या नावाचं कुणी राहत नाही.

मशीन एरवी नीट चालू आहे ना? मग सोपं आहे. मांजारोत एका वेळी अनेक कर्नल ठेवता येतात.

एमएचडब्ल्यूडी-कर्नल ही आज्ञा वापरून लिनक्स६१२ बसवा. ६.१२ हा लांब मुदतीचा कर्नल आहे. सोबत लिनक्स६१२-हेडर्स हे पॅकेज आठवणीने, नाहीतर पुन्हा तिथेच याल. रीबूट करताना ग्रबच्या (मशीन चालू होताना येणाऱ्या) मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन ६.१२ निवडा. मेनू दिसत नसेल तर चालू होताना एस्केप दाबून धरा. आत गेल्यावर यूनेम -आर करून ६.१२ आल्याची खात्री करा आणि मगच मॉड्यूल कंपाइल करणारं व्हीएमवेअर-मॉडकॉन्फिग चालवा.

आणि तो रविवारचा अपडेट आज, आत्ता, हा प्रतिसाद वाचून होताच बंद करा.

---

तारवाला | २५ सप्टेंबर, सकाळी १०:५०

ताई, चाललं!!

व्हीएममॉन आणि व्हीएमनेट दोन्ही बसले. १०:२० ला पहिली पट्टी निघाली. मुनीमजींनी ती घेऊन हाताने लिहिलेल्या कागदाशी ताडून पाहिली. आकडे जुळले तेव्हा चेहऱ्यावर आनंद कमी आणि "माझंही बरोबर होतं" हा भाव जास्त.

एक समजलं नाही. अपडेट दर रविवारी व्हायचा, मग बंद परवा का पडलं?

---

विदर्भकन्या | २५ सप्टेंबर, सकाळी ११:१०

अपडेटने नवा कर्नल डिस्कवर ठेवला असणार, पण चालू होता तो जुनाच, मेमरीत. व्हीएमचे मॉड्यूलही आधीच चढलेले. रीबूट होईपर्यंत कुणालाच काही कळत नाही. तुमच्या मशीनला बिघाड कधीचाच झाला होता, लाइटीने फक्त तो उघडा पाडला.

---

पेंग्विनप्रेमी | २५ सप्टेंबर, दुपारी १:०५

व्हीएमवेअर सोडा, व्हर्च्युअलबॉक्स घ्या. मांजारोच्या भांडारातच आहे.

---

विदर्भकन्या | २५ सप्टेंबर, दुपारी १:३०

त्याचाही व्हीबॉक्सड्रव्ह (त्याचं मॉड्यूल) कर्नलच्या बाहेरचाच आहे, म्हणजे दुखणं तेच, डॉक्टर वेगळा. मांजारोवाले प्रत्येक कर्नलसाठी तो तयार करून देतात एवढा आराम. पण ६.१२ पासून आणखी एक गंमत आहे. केव्हीएमचं (लिनक्सच्या स्वतःच्या व्हीएम चालवण्याच्या सोयीचं) मॉड्यूल चढल्या चढल्या प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आपल्या ताब्यात घेतं, मग व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होत नाही. कर्नलच्या ओळीत केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=० लिहावं लागतं किंवा केव्हीएमचं मॉड्यूल काढावं लागतं.

---

जुना_हमाल | २५ सप्टेंबर, रात्री ९:४५

धागा वाचून जुने दिवस आठवले. जरा लांबण लावतो, म्हाताऱ्याला माफ करा.

२००६ च्या जुलैत व्हीएमवेअर सर्व्हर १.० फुकट आलं. त्याआधी त्याचा पूर्वज जीएसएक्स सर्व्हर विकत घ्यावा लागे. धंतोलीतल्या आमच्या ऑफिसात तेव्हा एकच बरं मशीन होतं आणि त्यावर होतं डेबियन. यादीत होते रेड हॅट, सुसे आणि असेच काही. मी म्हटलं, लिनक्स ते लिनक्स. टारबॉल उघडला, व्हीएमवेअर-कॉन्फिग.पीएल चालवलं. तो एकेक प्रश्न विचारायचा आणि आपण एंटर, एंटर, एंटर. शेवटी हेडर कुठे आहेत म्हणून विचारायचा आणि तिथे गाडी अडायची.

तेव्हा एनी-एनी नावाचा एक पॅच फिरायचा. कंपनीचा अधिकृत नव्हता. नवा कर्नल आला की एनी-एनीचा नवा आकडा. आम्ही रात्री डाउनलोडला लावून घरी जायचो. कर्नल बदलला की पॅच, पॅच लागला की कॉन्फिग, कॉन्फिग झालं की चहा. चार वर्षं हेच केलं. मजाही यायची, खोटं कशाला बोलू. पण त्या चार वर्षांत कंपनीचं निम्मं काम मी फुकटात करत होतो, हे उशिरा कळलं.

आता शंकासूरांसाठी खास. यादीत असलं म्हणजे सुटलो असं नसतं. २००८ मध्ये सर्व्हर २.० आलं. खिडकी गेली, ब्राउझरमधून ८३३३ पोर्टवर कारभार. रेड हॅट एंटरप्राइझ ५ त्याच्या यादीत होतं. मग सप्टेंबर २००९ मध्ये रेड हॅट ५.४ आलं, त्यात जीलिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी) बदललं आणि व्हीएमवेअरची होस्टडी सेवा धडाधड कोसळायला लागली. जगजाहीर प्रकरण आहे. लोकांनी काय केलं? ५.३ मधली जुनी जीलिबसी काढून व्हीएमवेअरच्या फोल्डरात ठेवली आणि फक्त त्या सेवेला ती दाखवली. म्हणजे घर नवं, पण सासऱ्यांसाठी जुनी खाट. २०११ च्या जूनअखेर तर सर्व्हर २ चा पाठिंबाच संपला.

म्हणून मी यादीकडे लग्नपत्रिकेसारखं पाहतो. तारीख वाचायची. त्या तारखेला ते जुळलेलं होतं, एवढंच ती सांगते.

अवांतर: फॉक्सप्रो म्हटल्यावर जिस्ट कार्ड आठवलं. सी-डॅकचं. पीसीत खोचलं की डॉसमध्ये देवनागरी. तुमच्या पट्टीवर मराठी कसं येतं?

---

तारवाला | २५ सप्टेंबर, रात्री १०:०५

काका, दंडवत. पट्टीवर सगळं रोमन लिपीत आहे, हमालीसुद्धा. शेतकरी आकडे वाचतो, शब्द त्याला पाठ आहेत.

---

शंकासूर | २५ सप्टेंबर, रात्री १०:३०

काका, खाट आवडली. पण माझा मुद्दा उभाच आहे. रेड हॅटवर बिघडलं तेव्हा हजारो जणांचं एकदम बिघडलं आणि उत्तर लगेच सापडलं. मांजारोवर बिघडलं तर तारवाला रात्री पावणेबाराला इथे धागा काढतो.

---

जुना_हमाल | २५ सप्टेंबर, रात्री १०:४१

हे मान्य.

---

पेंग्विनप्रेमी | २६ सप्टेंबर, सकाळी ९:००

मग प्रॉक्समॉक्सच (व्हीएम सांभाळणारी प्रणाली) टाका ना आहे त्याच मांजारोवर. ब्राउझरमधून सगळं दिसतं.

---

विदर्भकन्या | २६ सप्टेंबर, सकाळी ९:४०

नाही हो. प्रॉक्समॉक्स डेबियनवरच बसतं. आठवी आवृत्ती डेबियन १२ वर, नववी डेबियन १३ वर. कर्नल मात्र ते उबुंटूचा घेऊन आपला करतात. त्यामुळे लोकांना वाटतं उबुंटूवरही चालेल. मलाही वाटलं होतं.

सांगतेच. घरच्या मशीनवर उबुंटू होतं, त्यात प्रॉक्समॉक्सचं भांडार जोडलं. आधी ॲप्टनं (पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेनं) उबुंटूचं क्यूईएमयू (नकली मशीन उभं करणारा प्रोग्राम) काढायला लावलं, कारण प्रॉक्समॉक्सचं स्वतःचं वेगळं आहे आणि दोन तलवारी एका म्यानात नको. मग नेटवर्क. उबुंटू नेटप्लॅनवाला, प्रॉक्समॉक्सला इंटरफेसेसची फाइल हवी. मग क्लस्टरची सेवा उठेना. दोन तास गेल्यावर कळलं की होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावासमोर १२७.०.१.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) लिहिलेलं आहे आणि त्याला तिथे खरा आयपी हवा. हे तर डेबियनवरही करावं लागतं, पण ते तिथल्या सूचनांत लिहिलेलं आहे. मी सूचना वाचल्याच नव्हत्या, कारण त्या "माझ्या" उबुंटूसाठी नव्हत्या!

कंटाळून काढायला गेले तर ॲप्ट काढू देईना. म्हणे खरंच काढायचं असेल तर मुळाशी प्लीज-रिमूव्ह-प्रॉक्समॉक्स-व्हीई नावाची रिकामी फाइल बनवा. हात जोडून विनंती केल्याशिवाय जात नाही. घरजावई परवडला.

---

खिडकीवाला | २६ सप्टेंबर, सकाळी १०:१५

मग सरळ व्हीएमवेअरचंच ईएसएक्सआय. त्याला खाली लिनक्सच नको, डिस्ट्रोची (लिनक्सच्या कुठल्या प्रकाराची) भानगडच मिटली. फुकटची आवृत्ती २०२४ मध्ये बंद केली होती, एप्रिल २०२५ मध्ये परत दिली.

---

विदर्भकन्या | २६ सप्टेंबर, सकाळी १०:५०

डिस्ट्रोची यादी गेली, हार्डवेअरची आली. तारवाला, नेटवर्क कार्ड कुठलं?

---

तारवाला | २६ सप्टेंबर, सकाळी ११:००

मदरबोर्डवरचं रिअलटेक.

---

विदर्भकन्या | २६ सप्टेंबर, सकाळी ११:०२

मग ईएसएक्सआय विसरा. सातव्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर बंद झाले, रिअलटेकसाठी लोकांनी बनवलेले जुगाडही त्यांच्यासोबत गेले.

माझं म्हणणं ऐका. डिस्ट्रो सध्या हलवू नका. हलवायचं ते डिस्ट्रो आणि एक्सपी यांच्या मधलं. वर्कस्टेशन काढून केव्हीएम घ्या.

कारण सांगते. मांजारो यादीत नाही एवढ्यानं काही अडलेलं नव्हतं. अडलं ते व्हीएममॉन कर्नलच्या घराबाहेर राहतं म्हणून. कर्नलमध्ये जो कुणी फंक्शनचं नाव बदलतो, त्यानेच कर्नलच्या झाडातल्या (त्याच्या मूळ कोडातल्या) प्रत्येक वापरणाऱ्याकडे जाऊन ते बदलायचं, असा तिथला रिवाज आहे. त्या टायमरच्या वेळीही सगळ्या झाडावर एकदम हात फिरवला गेला. केव्हीएम २.६.२० पासून, म्हणजे २००७ पासून, त्या झाडातच आहे. त्याचं नाव-गाव कर्नलवालेच सांभाळतात. बाहेरच्यांना कुणी कळवत नाही, आणि आतले इंटरफेस स्थिर ठेवणार नाही हे कर्नलच्या कागदपत्रांत उघड लिहिलेलं आहे. तेव्हा बाहेरचं मॉड्यूल घेतलं की ते जुळवत बसणारा एक माणूस लागतोच. यादीतल्या डिस्ट्रोवर तो कंपनीत बसलेला असतो. मांजारोवर तो तुम्ही.

---

शंकासूर | २६ सप्टेंबर, सकाळी ११:२०

हे पटलं. पण केव्हीएम घेतल्यावर मांजारो निर्धोक होतं असं म्हणू नका. क्यूईएमयूही पुढे सरकतं, जुने मशीन-प्रकार काही वर्षांनी काढून टाकतं.

---

विदर्भकन्या | २६ सप्टेंबर, सकाळी ११:३५

नाही म्हणत. अंबिया संपून मृग सुरू व्हायच्या मधल्या दिवसांत डेबियन १३ टाकाच. पण केव्हीएमवर गेलात की तो बदल म्हणजे डिस्कची फाइल उचलून तिकडे ठेवायची आणि वर्णनाची एक्सएमएल फाइल सोबत. आत्ताच्यासारखी धाकधूक नाही.

---

तारवाला | २६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

ठरलं. दसऱ्याला करतो. त्या दिवशी शेठ काट्याची, तिजोरीची आणि कॉम्प्युटरची पूजा करून घरी जातात. फक्त दीक्षाभूमीची गर्दी असल्यानं सकाळी लवकर निघावं लागेल.

---

इतवारीकर | २६ सप्टेंबर, दुपारी १२:३०

एक्सपीच कशाला? डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स-एक्समध्ये फॉक्सप्रो चालवा थेट.

---

तारवाला | २६ सप्टेंबर, दुपारी १२:४५

मुनीमजी काउंटरच्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपनं एक्सपीत शिरतात, शेठच्या मुलाचं एक्सेलही त्यातच आहे. सगळं एकदम हलवलं तर मला बाजारात फिरू देणार नाहीत.

---

तारवाला | ३ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं. रात्री साडेदहाला घरी आलो, आता लिहितोय. तपशीलवार लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

सकाळी पूजा झाली. सर्व्हरला हळदीकुंकू, झेंडूचा हार. पंख्याच्या जाळीवर अक्षता पडल्या त्या आधी वेचल्या. मग आख्ख्या व्हीएमची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, दुसरी शेठच्या मुलाच्या लॅपटॉपवर. स्नॅपशॉट तीन होते, ते वर्कस्टेशनमधूनच काढले म्हणजे डिस्क एकसंध झाली. एक्सपीतून व्हीएमवेअर टूल्स काढले. नीट बंद केलं.

मग क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्टनं व्हीएमडीकेचं (व्हीएमवेअरच्या डिस्क फाइलचं) क्यूकाउ२ (क्यूईएमयूची डिस्क फाइल) केलं. डिस्क दोन-दोन जीबीच्या तुकड्यांत होती. त्यातल्या एखाद्या तुकड्याचं नाव द्यायचं नाही. सगळ्यांची यादी असलेली छोटी व्हीएमडीके असते, तिचं द्यायचं. पहिल्यांदा मी तुकडाच दिला होता.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये (केव्हीएमच्या खिडकीत) नवं मशीन केलं. चिपसेटला क्यू३५ दिसत होतं, ते बदलून आय४४०एफएक्स केलं, कारण क्यू३५ मध्ये सॅटाचं कंट्रोलर येतं आणि एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नाही. डिस्क आयडीई, नेटवर्क आरटीएल८१३९, प्रोसेसर एकच. सुरू केलं.

एक्सपीचं चिन्ह आलं, खालची निळी पट्टी दोनदा सरकली आणि निळा पडदा. शेवटी सात-बी. बूट डिस्क सापडत नाही.

मला वाटलं फाइलच बिघडली. पुन्हा कन्व्हर्ट, पुन्हा निळा. अडीच वाजले. ताईंना फोन केला (व्यक्तिगत निरोपातून नंबर दिला होता त्यांनी, पुन्हा आभार). त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मर्जआयडीई केलं का?" मी म्हटलं ते काय असतं.

तर असं आहे. व्हीएमवेअर आतल्या विंडोजला इंटेलचं पीआयआयएक्स४ कंट्रोलर दाखवतं, क्यूईएमयू पीआयआयएक्स३ दाखवतं. दोन्ही इंटेलचीच, सख्खी भावंडं. पण एक्सपी बूट होताना रजिस्ट्रीच्या एका यादीत पाहतं की या क्रमांकाच्या कंट्रोलरला कोणता ड्रायव्हर. यादीत पीआयआयएक्स३ नाही, म्हणून डिस्क समोर असून ओळख नाही. मर्जआयडीई ही छोटी रजिस्ट्रीची फाइल ते सगळे क्रमांक आधीच यादीत घालते. पण ती घालायची जुन्या घरात असताना, म्हणजे व्हीएमवेअरमध्ये पुन्हा बूट करून. ६.१२ कर्नल होता म्हणून ते शक्य झालं. घातलं, बंद केलं, तिसऱ्यांदा कन्व्हर्ट. साडेचारला एक्सपी उठलं आणि नवीन हार्डवेअर मिळालं म्हणून चिवचिवाट सुरू केला.

मग काउंटरचा पीसी जोडेना. केव्हीएमचं नेहमीचं नेटवर्क १९२.१६८.१२२ चं, यजमानाच्या मागे लपलेलं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. एनएमसीएलआयनं ब्रिज (आतल्या मशीनला थेट दुकानाच्या नेटवर्कवर आणणारा पूल) बनवला, नेटवर्क कार्ड त्यात घातलं, एक्सपीला जुनाच आयपी दिला. मुनीमजींच्या पीसीवरचं चिन्ह जसंच्या तसं चाललं.

राहिला प्रिंटर. पूर्वी पॅरलल पोर्ट सरळ आत दिलेला होता. केव्हीएममध्ये तसं करायला गेलो तर परवानगीवर अडलं आणि माझ्यात जीव उरला नव्हता. म्हणून प्रिंटर लिनक्सच्या कप्समध्ये (छपाईच्या सेवेत) घेतला, सांबानं (विंडोजशी फाइल-प्रिंटर वाटून घेणाऱ्या प्रोग्रामनं) वाटला आणि एक्सपीत नेट यूजनं एलपीटी१ त्याकडे वळवला. सांबानं एक्सपीला दारातच अडवलं. एक्सपीला येणारा जुना एसएमबी१ प्रोटोकॉल त्यात २०१९ पासून मुळातच बंद असतो. किमान प्रोटोकॉल एनटी१ (तोच एसएमबी१) करावा लागला. आणि होस्ट्स अलाऊमध्ये फक्त त्या एक्सपीचा आयपी टाकला, बाकी कुणाला तो दरवाजा नाही.

आता निघतो, आज बाजार आहे.

---

जुना_हमाल | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

शाब्बास पोट्ट्या. वाचनखूण साठवली.

---

गप्पिष्ट | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:००

ताईंना तर्री पोहे लागू झाले.

---

विदर्भकन्या | ३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

पुण्यात बसून तर्रीची नुसती आठवण नका काढू.

तारवाला, जुनी व्हीएमडीके महिनाभर पुसू नका. आणि यूपीएसची बॅटरी!

---

तारवाला | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

बॅटरी काल पूजेच्या सामानासोबतच आणली शेठनी. म्हणे दसऱ्याला नवीन वस्तू घ्यावीच.

पण नवीन दुखणं. प्रत्येक पट्टीमागे एक कोरा कागद निघून राहिला. मुनीमजी प्रत्येक कोरा कागद मला दाखवून बाजूला रचून ठेवून राहिले. दुपारपर्यंत हा एवढा गठ्ठा. पट्टी १२ इंची कागदावर, ७२ ओळींची, प्रोग्राम पान स्वतःच सोडतो.

---

जुना_हमाल | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

कप्समध्ये क्यू बनवताना ड्रायव्हर कोणता निवडला?

---

तारवाला | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:४४

जेनेरिक टेक्स्ट-ओन्ली.

---

जुना_हमाल | ३ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

मग तोच. काम संपलं की तो आपल्या पदरचा एक फॉर्मफीड (पान सोडायची खूण) सोडतो. फॉक्सप्रोनं एक सोडलेला असतोच, म्हणून पान दोनदा सरकतं. ड्रायव्हर काढून क्यू रॉ करा. कप्स कुरकुर करेल की रॉ क्यू आता जुनी झाली, तिकडे लक्ष देऊ नका. जे आलं ते जसंच्या तसं प्रिंटरला गेलं पाहिजे.

---

तारवाला | ३ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

झालं काका. रॉ केल्याबरोबर थांबलं. वरुडहून आलेल्या एका गाडीची पट्टी समोरच निघाली, फाडली, दिली.

कोऱ्या कागदांचा गठ्ठा मुनीमजींनी सुतळीनं बांधून गल्ल्याखाली ठेवलाय. मी म्हटलं आता कशाला? म्हणाले, "राहू द्या. पुन्हा लाइट गेली तं हातानं लिहाले कामी येईन."